जोडणारा दुवा सापडला, पुस्तकाच्या मसुद्यात

अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यात डोव्हर नावाचं एक छोटं गाव आहे. जानेवारी २००५मध्ये तिथल्या हायस्कूलमध्ये नववीच्या वर्गाला उत्क्रांतीचा धडा सुरू होणार होता. धड्याआधी शिक्षकांनी मुलांना एक निवेदन वाचून दाखवावं, असा तिथल्या स्कूल बोर्डाचा आदेश होता. निवेदनाचा आशय वरवर साधा होता. डार्विनचा सिद्धांत हा निव्वळ सिद्धांत आहे, ती वस्तुस्थिती नव्हे. त्यात पुरावा नसलेल्या फटी आहेत. सजीवांच्या उगमाचं ‘इंटेलिजंट डिझाइन’ हे वेगळं स्पष्टीकरणही आहे. ते समजून घ्यायचं असेल तर ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ हे पुस्तक शाळेत ठेवलं आहे. मुलांनी मन मोकळं ठेवावं.

जीवशास्त्राच्या शिक्षकांनी ते वाचायला नकार दिला. जे विज्ञान नाही ते विज्ञान म्हणून मुलांपुढे ठेवणं आमच्या पेशाच्या आचारसंहितेत बसत नाही, असं त्यांनी लेखी कळवलं. शेवटी प्रशासनातले अधिकारी वर्गात आले आणि निवेदन वाचून निघून गेले. तेवढा वेळ शिक्षक वर्गाबाहेर थांबले.

वाचायला जेमतेम मिनिटभर लागेल असं ते निवेदन. त्याविरुद्ध अकरा पालक आधीच कोर्टात गेले होते. टॅमी किट्झमिलर या त्यांतल्या पहिल्या, म्हणून हा खटला ‘किट्झमिलर विरुद्ध डोव्हर’ या नावानं ओळखला जातो. आता कुणी म्हणेल, दोन्ही बाजू मुलांना सांगितल्या तर बिघडलं काय? मन मोकळं ठेवा, यात वाईट काय आहे? प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर हवं असेल तर ही ‘दुसरी बाजू’ आली कुठून, हे बघावं लागतं.

घड्याळ आणि घड्याळजी

१८०२मध्ये विल्यम पॅली या इंग्लिश धर्मगुरूनं ‘नॅचरल थिऑलॉजी’ हे पुस्तक लिहिलं. त्याचा युक्तिवाद आजही व्हॉट्सॲपवर फिरतो, फक्त खाली पॅलीचं नाव नसतं. माळरानावर चालताना तुम्हाला एक घड्याळ पडलेलं दिसलं. त्यातली चक्रं, स्प्रिंग, काटे बघून तुम्ही असं म्हणाल का, की हे इथं आपोआप तयार झालं? नाही. कुणीतरी घड्याळजी असणारच. मग घड्याळापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा डोळा आपोआप कसा तयार होईल?

पॅली हा काही टाकाऊ लेखक नव्हता. केंब्रिजला शिकत असताना खुद्द डार्विनला त्याचा युक्तिवाद फार आवडला होता, तसं त्यानं आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. पुढे १८५९मध्ये ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ लिहिताना डार्विननं पॅलीचाच प्रश्न घेतला आणि त्याचं वेगळं उत्तर दिलं. घड्याळांना पिल्लं होत नाहीत. सजीवांना होतात. पिल्लांमध्ये थोडे थोडे फरक असतात, ते पुढच्या पिढीत उतरतात आणि जन्माला येणारी सगळी पिल्लं जगत नाहीत. ज्यांच्यातला फरक त्या परिस्थितीत उपयोगी पडतो, त्यांची संतती जास्त होते. एवढ्या तीन-चार गोष्टी पुरेशा आहेत, वेळ मात्र भरपूर हवा.

डोळ्याचंच बघा. काही चपट्या कृमींना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळणारे, वाटीसारखे साधे डोळे असतात. नॉटिलस या समुद्री प्राण्याच्या डोळ्याला भिंगच नसतं, नुसतं बारीक छिद्र असतं. आणि त्याच्याच नात्यातल्या ऑक्टोपसला भिंगासकट पूर्ण डोळा असतो. म्हणजे ‘अर्धा डोळा काय कामाचा’ या प्रश्नाला जिवंत प्राणीच उत्तर देतात. अर्धा डोळा त्यांच्या रोजच्या वापरात आहे. उलट आपल्या डोळ्यातले मज्जातंतू पडद्याच्या पुढून जातात, त्यामुळे ते बाहेर पडतात त्या जागी आपल्याला काही दिसत नाही. ऑक्टोपसच्या डोळ्यात हा आंधळा ठिपका नाही. आराखडा आधी काढून बसलेल्या कारागिरानं असं का केलं असेल, हे सांगणं अवघड आहे. हाताशी जे आहे त्याच्यातच डागडुजी करत गेलेल्या प्रक्रियेकडून मात्र अशीच अपेक्षा करता येते.

निकाल लागला की नाव बदलतं

डार्विनला विरोध करणारे एकाच जागी थांबले नाहीत. अमेरिकेत या विरोधाचा इतिहास कोर्टाच्या निकालांतून नीट वाचता येतो.

पहिला टप्पा सरळ बंदीचा. १९२५मध्ये टेनेसी राज्यानं सरकारी शाळांत माणसाची उत्क्रांती शिकवण्यावर बंदी घातली. त्याच वर्षी डेटन गावात जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला चालला. ‘माकड खटला’ म्हणून तो गाजला. स्कोप्सला शंभर डॉलर दंड झाला, तो पुढे तांत्रिक कारणावरून रद्द झाला, पण कायदा १९६७पर्यंत टिकला. १९६८मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं आर्कान्सातली अशीच बंदी घटनाविरोधी ठरवली. सरकारी शाळेनं कुठल्याही एका धर्माची बाजू घेता कामा नये, हा त्या घटनेतला नियम.

बंदी चालत नाही म्हटल्यावर दुसरा टप्पा आला, समान वेळेचा. बायबलमधल्या निर्मितीकथेला ‘क्रिएशन सायन्स’, म्हणजे निर्मितीविज्ञान, असं नाव मिळालं. उत्क्रांती शिकवाल तर हेही तेवढंच शिकवा, असे कायदे १९८१मध्ये आर्कान्सा आणि लुइझियाना या राज्यांनी केले. आर्कान्सातला कायदा १९८२मध्ये कोर्टात पडला. त्या खटल्यात कायद्याच्या विरोधात उभे राहिलेल्यांत धर्मगुरूही होते आणि खटल्याला ज्यांचं नाव पडलं ते रेव्हरंड मॅक्लीन मेथडिस्ट पंथाचे होते. १९ जून १९८७ रोजी सुप्रीम कोर्टानं लुइझियानाचा कायदाही सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. निर्मितीविज्ञान हा धर्माचा प्रचार आहे, त्याला सरकारी शाळेत जागा नाही, हे आता पक्कं झालं.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८९मध्ये, शाळकरी मुलांसाठी एक पुस्तक बाजारात आलं. त्यात देवाचं नाव नव्हतं, बायबल नव्हतं, निर्मितीविज्ञान हा शब्दही नव्हता. होतं फक्त ‘इंटेलिजंट डिझाइन’. सजीवांमागे कुणीतरी बुद्धिमान रचनाकार आहे, तो कोण ते आम्ही सांगत नाही, असा त्याचा पवित्रा होता. हेच ते ‘ऑफ पांडाज अँड पीपल’. डोव्हरच्या शाळेत त्याच्या साठ प्रती निनावी देणगी म्हणून आल्या होत्या. त्यासाठीचे पैसे बोर्डाच्या एका सदस्याच्या चर्चमध्ये गोळा झाले होते, हे पुढे कोर्टात बाहेर आलं.

पुस्तकाची वंशावळ

पालकांच्या वकिलांनी एक साधी गोष्ट केली. पुस्तकामागच्या संस्थेकडून त्यांनी त्याचे जुने मसुदे समन्स काढून मागवले. मसुदे १९८३पासूनचे होते. सुरुवातीच्या मसुद्याचं नावच ‘क्रिएशन बायॉलॉजी’ होतं, पुढच्याचं ‘बायॉलॉजी अँड क्रिएशन’. लुइझियानातल्या बार्बरा फॉरेस्ट या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिकेनं ते सगळे क्रमानं लावून तपासले आणि कोर्टात साक्ष दिली.

जुन्या मसुद्यांमध्ये ‘निर्मिती’ची एक व्याख्या होती: सजीवांचे प्रकार बुद्धिमान निर्मात्याकडून एकदम अस्तित्वात आले, मासे पर आणि खवल्यांसकट, पक्षी पिसं, चोच आणि पंखांसकट, असा तिचा एकूण अर्थ. छापील पुस्तकात तीच व्याख्या, त्याच माशांसह आणि त्याच पक्ष्यांसह, ‘इंटेलिजंट डिझाइन’ची म्हणून आली. निर्मिती या अर्थाचे सुमारे दीडशे शब्द बदलून त्या जागी डिझाइनचे शब्द घातले होते. आणि हा बदल झाला कधी? १९८७मध्ये, सुप्रीम कोर्टाचा निकाल आल्यानंतर लगेच.

याच मसुद्यांमध्ये एक अर्धवट बदललेला शब्दही सापडला. मूळ वाक्यात ‘क्रिएशनिस्ट्स’ असा शब्द होता, म्हणजे निर्मितीवादी. तो काढून ‘डिझाइन प्रोपोनंट्स’, म्हणजे डिझाइनचे पुरस्कर्ते, असं घालायचं होतं. कुणीतरी शब्दाचा मधला भाग सिलेक्ट केला, नवा मजकूर पेस्ट केला, पण जुन्या शब्दाचं पहिलं अक्षर आणि शेपूट तसंच राहिलं. तयार झालं ‘क्डिझाइन प्रोपोनंट्सिस्ट्स’. असा शब्द इंग्रजीत नाही, कुठल्याच भाषेत नाही.

महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. त्यातले दोन शब्द तुम्हाला आठवत असतील. एक, ‘जोडणारे दुवे’. दोन वेगळ्या गटांची लक्षणं एकाच शरीरात बाळगणारे सजीव, उदाहरणार्थ अंडी घालणारा आणि तरी पिल्लांना दूध पाजणारा प्लॅटिपस. दुसरा, ‘अवशेषांगे’. पूर्वी उपयोगी असलेले आणि आता नावापुरते उरलेले अवयव, जसं आपलं माकडहाड. मराठीनं त्या हाडाला नावच असं देऊन ठेवलंय की वेगळा खुलासा नको. मसुद्यातला तो शब्द दोन्ही आहे. त्याच्या पोटात नवा शब्द आहे, आणि दोन्ही टोकांना जुन्याचे अवशेष आहेत. जोडणारे दुवे सापडतच नाहीत, असं सांगणाऱ्या पुस्तकाचाच जोडणारा दुवा सापडला.

उंदराचा सापळा

नावाचा इतिहास काहीही असो, मुद्द्यात दम असेल तर? कोर्टानं तेही तपासलं. डिझाइनच्या बाजूचे मुख्य साक्षीदार होते मायकेल बेही, लीहाय विद्यापीठातले जीवरसायनशास्त्रज्ञ. त्यांच्याबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पृथ्वी अब्जावधी वर्षं जुनी आहे आणि सजीवांचे पूर्वज समान आहेत, हे बेहींना मान्य आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, की पेशींमधली काही यंत्रं अशी आहेत की त्यांचा एक भाग काढला तरी सगळं बंद पडतं. त्यांचं उदाहरण उंदराच्या सापळ्याचं. फळी, स्प्रिंग, आकडा, दांडी, यातलं काहीही काढा, उंदीर सापडणार नाही. मग असं यंत्र टप्प्याटप्प्यानं कसं बनेल? जिवाणूची पोहायची शेपटी, म्हणजे फ्लॅजेलम, रक्त गोठण्याची साखळी आणि रोगप्रतिकारक यंत्रणा, ही त्यांची आवडती उदाहरणं.

पालकांच्या बाजूनं पहिली साक्ष होती ब्राऊन विद्यापीठातल्या केनेथ मिलर यांची. डोव्हरच्या शाळेत लागलेलं जीवशास्त्राचं पुस्तक त्यांनीच सहलेखकासोबत लिहिलेलं होतं. ते श्रद्धाळू कॅथलिक आहेत. उंदराच्या सापळ्याचे दोन भाग काढले तर उंदीर सापडणार नाही हे खरं, पण टाय अडकवायची क्लिप म्हणून तो छान चालतो, असं ते म्हणतात आणि तशी क्लिप लावूनही दाखवतात. मुद्दा असा की अर्धं यंत्र त्याच कामाचं नसेल, पण दुसऱ्या कामाचं असू शकतं. जिवाणूच्या शेपटीच्या बुडाशी असलेल्या प्रथिनांसारखीच प्रथिनं प्लेगच्या जंतूत एका वेगळ्याच यंत्रात असतात, ज्यातून तो आपल्या पेशींत विष टोचतो. हे यंत्र शेपटीचं पूर्वज आहे असं नाही. पण थोडे भाग वगळले की सगळं निरुपयोगी होतं, हा दावा त्यानं कोसळतो. रक्त गोठण्याच्या साखळीचं तेच. तिच्यातला एक घटक डॉल्फिनमध्ये नाही, तरी डॉल्फिनचं रक्त गोठतं.

रोगप्रतिकारक यंत्रणेच्या उत्क्रांतीबद्दल विज्ञानाकडे उत्तर नाही, असं बेहींनी लिहिलं होतं. उलटतपासणीत वकिलांनी त्यांच्यासमोर याच विषयावरचे अठ्ठावन्न शोधनिबंध, शिवाय पुस्तकं, असा ढीग रचला. हे पुरेसं नाही, असं बेहींचं उत्तर होतं. त्याच उलटतपासणीत त्यांनी आणखी एक कबुली दिली. त्यांच्या व्याख्येप्रमाणे डिझाइनला वैज्ञानिक सिद्धांत म्हणायचं, तर त्याच व्याख्येत फलज्योतिषही बसतं.

इथं ‘नुसता सिद्धांत’ या शब्दांचंही बघू. ‘ही झाली थिअरी, प्रॅक्टिकलमध्ये तसं नसतं’ असं आपण सहज म्हणतो. त्या बोलण्यात थिअरी म्हणजे कागदावरची गोष्ट. विज्ञानात सिद्धांत म्हणजे पुष्कळ पुराव्यांना एकत्र बांधणारं आणि पुन्हा पुन्हा कसोटीला लावलेलं स्पष्टीकरण. रोग जंतूंमुळे होतात, हाही सिद्धांतच आहे. ‘हा नुसता सिद्धांत आहे’ म्हणून कुणी शस्त्रक्रियेआधी हात धुवायचं सोडत नाही.

कोणी पाहिलं?

उत्क्रांतीच्या विरोधात सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न मात्र याहून सोपा आहे. हे होताना कोणी पाहिलं? अमेरिकेतले निर्मितीवादी प्रचारक केन हॅम तर शाळकरी मुलांना शिकवतात की शिक्षकांना विचारा, ‘तुम्ही तिथं होता का?’

मसुद्यातला तो शब्द बदलताना तरी कोणी पाहिलं होतं? कोर्टानं कुणा प्रत्यक्षदर्शीच्या जोरावर निष्कर्ष काढला नाही. जुन्या आणि नव्या प्रती शेजारी ठेवल्या, सारखेपणा पाहिला, उरलेले अवशेष पाहिले, बदलाची वेळ पाहिली. खुनाचा तपास असाच होतो. ताम्रपटाचा काळ असाच ठरतो. एकाच पोथीच्या अनेक प्रतींतून मूळ पाठ शोधणारे अभ्यासकही हेच करतात. एकाच जागी एकच चूक असलेल्या दोन प्रती एकाच जुन्या प्रतीवरून उतरल्या असणार, हे त्यांना शपथेवर सांगावं लागत नाही.

सजीवांच्या पेशीतही असे मसुदे आहेत. मिलर यांनी साक्षीत एक उदाहरण दिलं. माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात २४. आपले पूर्वज समान असतील, तर एक जोडी गेली कुठे? नुसती हरवली असती तर जीवच वाचला नसता. म्हणजे दोन गुणसूत्रं कुठंतरी एकमेकांना जोडली गेली असणार. हे तपासता येतं, आणि तसं दिसलं नाही तर समान पूर्वजाची कल्पना अडचणीत येते. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना विशिष्ट खुणा असतात, बुटाच्या नाडीच्या टोकाला प्लॅस्टिक असतं तशा. दोन नाड्या टोकाला टोक जोडल्या, तर ते प्लॅस्टिक मधोमध दिसेल. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात टोकाच्या त्या खुणा नेमक्या मध्ये सापडतात. शिवाय गुणसूत्राला एकच मध्यबिंदू हवा असताना त्यात दुसऱ्या, बंद पडलेल्या मध्यबिंदूचे अवशेषही सापडतात. पहिलं अक्षर आणि शेपूट मागे राहावं, तसंच.

चाळीस दिवस पसरलेला हा खटला नोव्हेंबर २००५मध्ये संपला. न्यायाधीश जॉन जोन्स हे रिपब्लिकन पक्षाचे, राष्ट्राध्यक्ष बुश यांनी नेमलेले. त्यामुळे निकाल आपल्या बाजूनं लागेल, अशी काहींना आशा होती. २० डिसेंबरला त्यांनी १३९ पानांचा निकाल दिला. इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही, ते निर्मितीवादाचंच पुढचं रूप आहे, आणि बोर्डाच्या काही सदस्यांनी आपला धार्मिक हेतू लपवायला शपथेवर खोटं सांगितलं, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. निकालानंतर त्यांना धमक्या आल्या, संरक्षण घ्यावं लागलं. त्याच्या आधीच, नोव्हेंबरच्या निवडणुकीत, डोव्हरच्या मतदारांनी बोर्डाचे निवडणुकीला उभे असलेले आठही जुने सदस्य घरी बसवले होते. शाळेला वादींच्या वकिलांचे दहा लाख डॉलर भरावे लागले.

आपल्याकडचा रस्ता

‘कोणी पाहिलं?’ हा प्रश्न महाराष्ट्रातही विचारला गेला आहे. जानेवारी २०१८मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, एका वैदिक संमेलनासाठी आलेले केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी सांगितलेलं नाही, डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे आणि अभ्यासक्रमात बदल व्हायला हवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून ते खोडून काढलं. त्या मंत्र्यांच्याच खात्याचे वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनी अशी वक्तव्यं टाळा, असं त्यांना सांगितलं. विषय तिथं मिटला असं वाटलं.

मग एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातल्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्याचं नाव ‘आनुवंशिकता’ एवढंच उरलं. करोनानंतर मुलांवरचा भार कमी करायचा, असं कारण दिलं गेलं. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहे. पण दहावीनंतर जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलांची तिच्याशी तिथंच ताटातूट होते. एप्रिल २०२३मध्ये अठराशेहून जास्त वैज्ञानिक, शिक्षक आणि अभ्यासकांनी याविरुद्ध खुल्या पत्रावर सह्या केल्या.

या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध आहे, असा पुरावा माझ्याकडे नाही, म्हणून तसं म्हणत नाही. पण डोव्हर आणि आपल्यातला एक फरक नजरेत भरतो. तिथं निवेदन वाचलं गेलं, म्हणून त्यावर खटला उभा राहिला, साक्षी झाल्या, अठ्ठावन्न शोधनिबंधांचा ढीग टेबलावर आला. धडाच नसेल तर वाद कशावर घालणार?

‘कोणी पाहिलं?’ हा वाईट प्रश्न नाही. दहावीतल्या एखाद्या मुलीनं तो वर्गात विचारला, तर सरांनी तिला गप्प बसवू नये. उलट म्हणावं, कोणी नाही पाहिलं, मग आपल्याला कशावरून कळलं ते बघू. प्लॅटिपस काढावा, माकडहाड दाखवावं, दुसऱ्या गुणसूत्राच्या मधल्या खुणा सांगाव्यात. त्यासाठी पंचेचाळीस मिनिटांचा एक तास पुरतो. फक्त तो धडा त्या पुस्तकात असायला हवा.